कळीचा मुद्दा

पूर्वी माणसाची पत त्याच्या बुटांवरून ओळखीत. पुढे ती मनगटावरच्या घड्याळावरून ओळखू लागले. हल्ली ती फोनवरून ओळखतात. लग्नकार्यात चार माणसं टेबलाभोवती बसली की खिशातून फोन निघतात आणि पत्ते मांडावेत तसे पालथे पडतात. पाठीवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद असलं की तो माणूस उच्चकुलीन. पाठीवर तीन-चार कॅमेरे असले की सुखवस्तू. पाठ मळकट आणि कोपरा फुटका असला की एक तर तो कलावंत असतो, नाही तर त्याच्या घरी दोन वर्षांचं नातवंड असतं. ही वर्णव्यवस्था आता इतकी पक्की झाली आहे, की यजमान वाढायलाही त्याच क्रमाने येतात असा मला दाट संशय आहे.

या व्यवस्थेत मी कुठेच बसत नाही. माझ्या फोनला बटणं आहेत.

गैरसमज नको. हा तो दोनशे ग्रॅमचा, टॉर्चवाला, आजोबांचा फोन नव्हे. हा रीतसर स्मार्टफोन आहे. वरच्या बाजूला काच आहे, आत अँड्रॉइड आहे, ईमेल येते, नकाशा दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सव्वासहा वाजता पंधरा सूर्य उगवतात. फक्त काचेखाली ए पासून झेड पर्यंतची सगळी अक्षरं, डाळिंबाच्या दाण्यांसारखी, चांगली टरटरीत उठून बसलेली आहेत. हा फोन मी रोख पैसे मोजून घेतला. तो कुठल्याही कंपनीशी बांधलेला नाही. ज्याचं सिम घालावं त्याचा तो होतो. आणि त्यात जे सिम आहे ते एका अत्यंत स्वस्त कंपनीचं, तिच्या अत्यंत स्वस्त प्लॅनचं आहे.

या तीन गोष्टींमुळे माझ्यावर तीन आरोप आहेत. बटणं वापरतो म्हणून मी जुनाट. स्वस्त कंपनी वापरतो म्हणून कंजूष. आणि चांगला चालणारा फोन बदलत नाही म्हणून हेकेखोर. आरोप करणाऱ्यांत आमचे साडू आहेत, चिरंजीव आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि तिसऱ्या आरोपापुरती आमची सौ.ही आहे. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण परवा साडूंनी चारचौघांत "अहो, आता हे संग्रहालयाला देऊन टाका" असं सुचवलं, तेव्हा ठरवलं, की आता जाहीर उत्तर द्यायचं. मराठीत कळ म्हणजे बटण, आणि कळ काढणे म्हणजे भांडण उकरून काढणे. दोन्ही कामं या लेखात एकदमच उरकतो.

पहिला आरोप जुनाटपणाचा.

बटणांवर बोट ठेवून लिहिणं ही कला आमच्या पिढीने घाम गाळून मिळवलेली आहे. मॅट्रिक झालेल्या प्रत्येक मध्यमवर्गीय मुलाला त्या काळी दोन संस्कार होत: एक मुंज आणि दुसरा टायपिंग क्लास. मुंजीतली संध्या विसरली, पण ए-एस-डी-एफ-जी ही गायत्री अजून बोटांत आहे. क्लासच्या मास्तरांची एकच शिकवण होती: यंत्राकडे बघायचं नाही. बघितलंत की पट्टी. शासनाच्या परीक्षेला मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द. ज्यांनी ही परीक्षा दिली त्यांना बँकेत, कचेरीत, कोर्टात चिकटता आलं, आणि चिकटल्यावर लग्नं झाली. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र बाजारात आणलं. त्या खडखडाटावर महाराष्ट्रातली किती घरं उभी राहिली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. यंत्रं गेली, पण ती परीक्षा आजही आहे. आता ती संगणकावर होते. अक्षरांची ही वाकडीतिकडी मांडणी अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या शोल्स नावाच्या गृहस्थाने केली आणि त्याचं यंत्र रेमिंग्टनने १८७४ साली विकायला काढलं. तेव्हापासून आजपर्यंत तिला हलवायला भल्याभल्यांना जमलेलं नाही.

आता त्या मांडणीतली एफ आणि जे ही दोन अक्षरं बोटांनी चाचपून पाहा. त्यांच्यावर एक-एक बारीक उंचवटा असतो. तो कशाला? तर डोळे मिटूनही बोटांना आपलं घर सापडावं म्हणून. ज्याने हा उंचवटा काढला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. कारण त्याला एक मोठी गोष्ट समजली होती, ती म्हणजे बोटांनाही डोळे असतात. आणि काचेने नेमके तेच डोळे फोडले आहेत.

काचेवर लिहिणारा माणूस कधी बघितलाय? मान खाली, भुवया वर, जीभ किंचित बाहेर. पहिलीतलं पोर श्रीगणेशा गिरवताना असंच दिसतं. एवढं करून अक्षर लागेलच याची खात्री नाही. आमच्या साडूंचंच उदाहरण घ्या. त्यांच्या घरी रविवारी केळवण होतं. त्यांनी भरधाव बसमधून धाकट्या मेव्हण्याला निरोप धाडला: "येताना दही घेऊन ये." दही लिहायचं तर इंग्रजीतली चार अक्षरं दाबायची. त्यांतलं एच काचेला लागलं नाही. फोन हुशार, त्याने उरलेल्या तीन अक्षरांतून स्वतःच्या अकलेने 'दाई' तयार केली. आणि निरोप गेला तो एकट्या मेव्हण्याला नव्हे, 'समस्त कुटुंब' या गटावर. साडू ६८ वर्षांचे आहेत. संध्याकाळपर्यंत त्यांना अभिनंदनाचे तीन फोन आले, त्यांतला एक नागपूरहून. आणि हे गृहस्थ मला संग्रहालयाची वाट दाखवतात!

९ जानेवारी २००७ रोजी सान फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने आयफोन दाखवला, तेव्हा बटणांच्या फोनांवर त्याचा मुख्य आक्षेप असा होता, की ही बटणं गरज असो वा नसो, कायम तिथेच असतात. जगाने टाळ्या वाजवल्या. मी त्या सभेत असतो तर हात वर करून म्हटलं असतं, "साहेब, हाच तर त्यांचा गुण आहे." काही वस्तू कायम तिथेच असाव्या लागतात. जिन्याचा कठडा गरज असो वा नसो, तिथेच असतो. रात्री वीज गेल्यावर हात आपोआप जिथे जातो तिथे काडेपेटी असते. गरज पडेल तेव्हाच उगवणारा कठडा कुणी लावला, तर त्या जिन्यावर आधी त्यालाच चढवायला हवं.

बरं, ही काच ज्या जगात बनते तिथे पाऊस पडत नसावा. काचेखाली विजेचं एक सूक्ष्म क्षेत्र असतं. बोट टेकलं की त्यातली थोडी वीज बोटाकडे वळते आणि तेवढ्यावरून काच ओळखते, की मालक आले. पण पाण्याचा थेंबही नेमकं तेच करतो. जुलै महिन्यात डोंबिवली स्टेशनच्या पुलाच्या टोकाला उभं राहून फोन लावून बघा. तुम्ही बायकोला लावत असता आणि थेंब ऑफिसच्या साहेबाला लावतो. उलट ज्यांचं बोट कोरडं, ज्यांच्या बोटांना घट्टे पडलेत, त्यांचं बोट काचेला पुष्कळदा कळतच नाही. आमच्याकडे लाकूडकामाला येणारे सुतारमामा एकच नंबर चार वेळा दाबतात, मग फोन माझ्या हातात देऊन म्हणतात, "साहेब, तुम्हीच लावा, माझं बोट घेत नाय." पन्नास वर्षं रंधा मारलेलं ते बोट. त्या बोटाने आमच्या घराची दारं-खिडक्या केल्या. आणि पंधरा हजारांची काच त्याला ओळख दाखवत नाही! मला विचाराल तर इथे काच नापास आहे, बोट नव्हे. पण सुतारमामा समजतात की आपणच नापास झालो. माझा खरा राग या गोष्टीवर आहे.

हा राग एकट्या माझा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मकेन' ही युद्धनौका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक गेले. चौकशीत इतर कारणांबरोबर सुकाणूच्या आणि वेगाच्या काचेवरच्या पडद्यांची रचनाही पुढे आली. त्यानंतर नौदलाने ठरवलं, की वेग नियंत्रित करायला पुन्हा हाताने सरकवायचा दांडाच बसवायचा. युरोपात मोटारगाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी युरो एनकॅप नावाची संस्था आहे. २०२६ पासून तिच्या नियमांनी पूर्ण गुण हवे असतील तर हॉर्न, वायपर, वळण्याचे दिवे अशा गोष्टींना खरीखुरी बटणं, दांडे द्यावे लागतात. म्हणजे जिथे चूक महागात पडते तिथे शहाणी माणसं बटणाकडे परतताहेत.

आणि परदेशात कशाला जायचं? आपली लोकशाही कशावर चालते? बटणावर! केरळातल्या परूर मतदारसंघात १९८२ साली मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं; २००४ च्या लोकसभेला ते देशभर गेलं. एका बाजूला उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, शेजारी निळं बटण, आणि डोळ्यांनी अधू मतदारासाठी ब्रेलमधले आकडे. बोट दाबलं की यंत्र 'पीं' म्हणतं आणि मतदाराला खात्री पटते, की आपण या देशाचं जे काही केलं ते पक्कं केलं. साडूंना सांगावंसं वाटतं, ज्या दिवशी हा देश मतदानाला काच लावील त्या दिवशी मी माझा फोन बदलीन.

शिवाय जुनाट म्हणायचं तर गंमत अशी, की आता तरुण पोरंच बटणांच्या मागे लागली आहेत. शांघायची युनिहर्ट्झ नावाची कंपनी २०१९ पासून कीबोर्डचे स्मार्टफोन काढते आहे, आणि २०२४ साली 'क्लिक्स' नावाची एक वस्तू निघाली. ती आयफोनला खालून लावायची, की त्याला बटणं फुटतात. म्हणजे लाखभर रुपयांचा फोन घ्यायचा आणि वर आणखी पैसे मोजून त्याचा माझा फोन करायचा. मी हे काम पहिल्याच खरेदीत उरकलं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

दुसरा आरोप कंजूषपणाचा.

भारतात मोबाईलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही पडत. म्हणजे दुसऱ्याने आपल्याला शिव्या दिल्या तरी निम्म्या आपल्या खर्चाने. १ मे २००३ पासून ऐकणं फुकट झालं. महाराष्ट्र दिनाला महाराष्ट्राला मिळालेली ही एवढीच भेट मला आठवते. ज्या पिढीने 'मिस्ड कॉल'चं शास्त्र निर्माण केलं, म्हणजे एक घंटा 'पोचलो', दोन घंटा 'भात लाव', त्या पिढीला खर्चाचा हिशेब शिकवायला कुणी येऊ नये.

आता आजचा हिशेब बघा. कंपन्यांचा 'महिना' २८ दिवसांचा असतो. निसर्गात असा महिना फक्त फेब्रुवारी, आणि तोही दर चार वर्षांनी लाजून एक दिवस वाढवून घेतो. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १३ महिने होतात. पगार बारा, पेन्शन बारा, दूधवाला बारा, आणि फोनवाला तेवढा तेरा! जानेवारी २०२२ मध्ये ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, फर्मान काढावं लागलं, की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवावा आणि एक असा ठेवावा, की दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. महिना तीस दिवसांचा असतो हे ज्या देशात सरकारी कागदावर लिहून द्यावं लागतं, तिथे कंजूष कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

दुसरी मेख डेटाची. "रोज दीड जीबी" असं कौतुकाने सांगतात. मी रोज दीड जीबीचं काय करू? मला निरोप लिहायचे असतात, फोन करायचा असतो, कधी रस्ता शोधायचा असतो. उरलेला डेटा रात्री बाराच्या ठोक्याला बुडतो, सकाळी पुन्हा दीड जीबी पानात. खानावळीत जेवायला गेलात, दोन पोळ्या मागितल्यात, आणि मालकाने बारा पोळ्यांचे पैसे लावून वर सांगितलं, "खात नाही तो तुमचा दोष", तर तुम्ही काय कराल? इथे मात्र आपण मान हलवतो आणि केवळ पैसे वसूल व्हावेत म्हणून रात्री पावणेबाराला अंथरुणात पडून भलत्याच माणसाने भलत्याच माणसाला केकमध्ये तोंड घालायला लावल्याची चलचित्रं बघतो. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं, की ज्यांना फक्त बोलायचं आणि एसेमेस करायचाय त्यांच्यासाठी डेटा वगळून वेगळा पॅक द्या. म्हणजे दोन पोळ्यांचं ताट मागणं हा अखेर ग्राहकाचा हक्क ठरला. मी तो हक्क हुकमाच्या आधीपासून बजावत होतो. तेव्हा त्याला चिक्कूपणा म्हणत.

"पण स्वस्तात रेंज कुठे मिळते?" साडू विचारतात.

मिळते. आमच्या स्वयंपाकघरात मिळत नाही, बाल्कनीत मिळते. त्यामुळे माझे सगळे फोन मोकळ्या हवेत होतात, आणि मी कुणाशी काय बोललो हे सौ.ला वेगळं सांगावं लागत नाही. समोरच्या इमारतीतल्या काकू सांगतात. पण साडूंची महागडी रेंजही त्यांच्या लिफ्टमध्ये मरते, तेव्हा ते "हॅलो, हॅलो" करीत सातव्या मजल्यावरून तळमजल्यावर येतात. शिवाय एक गोष्ट सांगून ठेवतो. गच्चीवरचे ते उंच मनोरे बघता ना? अनेक ठिकाणी मनोरा एकाचा असतो आणि त्यावर भाडेकरू दोन-तीन कंपन्या. महाग आवाज आणि स्वस्त आवाज एकाच शिडीने वर चढतात. वर गेल्यावर कुणाच्या आवाजाला सोन्याचा मुलामा दिला जातो असं ऐकिवात नाही.

आणि कंपनी पटली नाही तर तिला सोडायची सोय आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत 'पोर्ट' लिहायचं, पुढे आपला नंबर, आणि १९०० ला एसेमेस करायचा. मी हे त्याच वर्षी केलं. माणसं नोकरी बदलतात, शहर बदलतात, पक्ष तर रात्रीत बदलतात. पण फोनची कंपनी बदलायची म्हटलं की त्यांना घटस्फोटाइतका संकोच वाटतो. स्वस्त कंपनीत राहण्याचा मोठा फायदा असा, की तिचे आपल्यावर उपकार नसतात. तिने नीट वागावं, नाही तर एसेमेस तयार आहे. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, तेव्हा साडूंना ताप भरला. मी बाल्कनीत चहा पीत होतो.

आता तिसरा आरोप, हेकेखोरपणाचा. जग पुढे चाललंय आणि हा माणूस जुन्याला कवटाळून बसलाय, असं म्हणतात. इथे थोडं गंभीर बोलावं लागेल. फार वेळ बोलणार नाही.

आमची एक भाची न्यू जर्सीत असते. दोन वर्षांमागे डिसेंबरात आली. तिचा फोन असा, की टेबलावर ठेवला तर आमचे चिरंजीव उभे राहिले. तिने इथलं सिम घातलं. फोनने ते तोंडातून काढून टाकलं. म्हणे हे चालणार नाही. मी माझा बटणांचा फोन पुढे केला, त्यात तेच सिम घातलं, आणि ते लागलीच बोलू लागलं. भाची म्हणाली, "मामा, आमच्याकडे फोन कंपनीकडूनच हप्त्यांवर घेतात. हप्ते फिटेपर्यंत कंपनी लॉक काढत नाही." म्हणजे फोन तिचा, हप्ता तिचा, फुटला तर नुकसान तिचं, आणि कुलूप कंपनीचं! आपल्याकडे सावकारसुद्धा गहाण टाकलेली बैलजोडी नांगराला लावू देत असे.

स्वातंत्र्याची देवी जिथे हातात मशाल घेऊन उभी आहे त्या देशात, २०१३ च्या जानेवारीत, कंपनीला न विचारता नव्या फोनचं कुलूप काढणं चक्क कायद्याविरुद्ध ठरलं होतं. लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा ग्राहकाला कुलूप काढायची मुभा परत मिळाली. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविनाच विकायला लावले, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून. आपल्याकडे पहिल्यापासून बहुतेक फोन मोकळे. तरी ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आला तो ३१,००० रुपये पुरते मोजून घेऊनही कंपनीच्या कुलपासकट आला होता. ते कुलूप आपल्या लोकांनी फार दिवस टिकू दिलं नाही. गल्लीतल्या मोबाईलवाल्याने चहा संपायच्या आत काढून दिलं. हा प्रकार कायदेशीर होता असं मी म्हणत नाही, पण राष्ट्रीय बाण्याला धरून होता.

मात्र कुलूप फक्त सिमच्या खाचेलाच लागतं असं नाही. ते वरूनही लागतं. ब्लॅकबेरी हे बटणांच्या फोनातलं राजघराणं. २०१० साली या फोनवरचे गुप्त निरोप उलगडत नाहीत म्हणून खुद्द भारत सरकार त्याच्याशी भांडत होतं. इतका मान आजवर कुठल्या काचेला मिळालाय? पण ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने जुन्या ब्लॅकबेऱ्यांमागची यंत्रणा बंद केली. बटणं शाबूत, बॅटरी भरलेली, काचेवर ओरखडा नाही, आणि तरी त्यांवर बोलण्याची खात्री उरली नाही. त्याआधी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती फक्त फोर-जी घेऊन. जुन्या जाळ्यांवर बोलणारे फोन, कितीही मोकळे असले, तरी तिच्या दारात मुके. बँकांची ॲपं तर दर वर्ष-दोन वर्षांनी सांगतात, "तुमचा फोन आता चालणार नाही." फोन हातात चालत असतो. चालत नाही तो त्यांच्या लेखी.

माझा मुद्दा एवढाच, की विकत घेतलेली वस्तू आपली असते की नसते? आमच्या आजीचं शिवणयंत्र साठ वर्षांचं आहे. त्याच्या कारखान्यातून कुणी पत्र पाठवलं नाही, की उद्यापासून टाके पडणार नाहीत. पाटा-वरवंट्याला अजून कुणी म्हटलं नाही, की तुमची आवृत्ती जुनी झाली, चटणी वाटण्यापूर्वी नवी उतरवून घ्या. वस्तू झिजली, मोडली, तर तिची वेळ भरली. ते आपल्याला मान्य आहे. पण धडधाकट वस्तूला दुसऱ्याने मृत घोषित करायचं आणि आपण मुकाट्याने नव्या वस्तूचे हप्ते सुरू करायचे, याला प्रगती म्हणत असतील तर मी त्या प्रगतीच्या वाटेत पाय पसरून बसणार. याला हेकेखोरपणा म्हणा. सौ. म्हणतेच.

आणि जुन्याला सांभाळून घेणं अशक्य असतं असंही नाही. मनात आणलं की होतं. *९९# दाबून साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, बँकेचे व्यवहार करता येतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या बटणांच्या फोनसाठी यूपीआयची वेगळी सोय सुरू केली. म्हणजे ज्यांना वाटलं, की सुतारमामांनाही पैसे पाठवता आले पाहिजेत, त्यांना मार्ग सापडला. ज्यांना वाटत नाही त्यांना फक्त नवा फोन सापडतो.

माझ्या फोनमध्ये उणिवा नाहीत असा माझा दावा नाही. त्याच्या पडद्यावर क्रिकेट बघायला बसलं तर चेंडू दिसत नाही. पण हल्ली चेंडू टीव्हीवरही दिसत नाही, जाहिराती दिसतात. त्याने काढलेल्या फोटोत सगळे जसे आहेत तसेच दिसतात, ही तक्रार आमच्याकडच्या महिलावर्गाने लेखी दिलेली आहे. पण अंधारात, पावसात, चालत्या गाडीत, खिशातल्या खिशात मी न बघता लिहू शकतो, "पोचलो. भात लाव." आणि पलीकडे भातच लागतो.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. एक: दुकानात शंभर काचांमध्ये एक तरी बटणांचा फोन ठेवा, ज्यांची बोटं काचेला कळत नाहीत त्यांना हात हलवीत परत पाठवू नका. दोन: महिना तीस दिवसांचा आणि ताट भुकेएवढं असू द्या. तीन: पैसे मोजून झाले, की वस्तू आमची. तिला कुलूप खालून नको आणि वरूनही नको. या मागण्या मान्य होईपर्यंत माझा नंबर तोच, बटणं तीच आणि बाल्कनी तीच. साडूंना या लेखावर काही म्हणायचं असेल तर त्यांनी अवश्य लिहून पाठवावं. मात्र 'दही' लिहिताना जपून.